औषध दिल्यानंतरचा तास

प्रिय बाळ,

पत्र मिळालं. फार्माकॉलॉजीचं पुस्तक रात्री उशिरापर्यंत वाचतेस आणि सकाळी काहीच आठवत नाही, असं लिहिलंयस. आठवणार नाहीच. गट, उपगट, आणि प्रत्येक औषधाखाली तीच ओळ: मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर. अशा याद्या औषध निवडणाऱ्याच्या कामाच्या. आपण नर्स, औषध निवडत नाही, देतो. आणि दिल्यावर रुग्णापाशी उरतो आपणच. राउंड आटोपून डॉक्टर ओपीडीत गेलेले असतात. म्हणून कुठलंही औषध वाचताना तीन गोष्टी शोध: देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर काय बघत राहायचं, आणि काय दिसलं की पुढचा डोस थांबवून फोन करायचा. बाकीचं परीक्षेपुरतं कर, माझी हरकत नाही.

तुला नकोसा झालेला ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमचा (घाम, लाळ, नाडी आपोआप चालवणाऱ्या नसांचा) धडाच घेते. समज, कॅज्युअल्टीत शेजारी शेजारी दोन खाटा आहेत. एकीवर कीटकनाशक प्यायलेला माणूस, दुसरीवर लाल विंचू चावलेला मुलगा. दोघांना दरदरून घाम, दोघांना उलट्या, दोघांच्या तोंडाला लाळ, आणि वेळ गेला तर दोघांच्याही छातीत पाणी. नवख्या नर्सला दोन्ही केस सारख्याच वाटतात. पण पहिल्याला जे इंजेक्शन वाचवतं, ते दुसऱ्याला अपाय करतं.

पहिली खाट आधी. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतात. नसांच्या टोकाशी सुटणारं ॲसिटिलकोलिन मोडून काढायचं काम त्या एन्झाइमचं. ते बंद पडलं की ॲसिटिलकोलिन साठत जातं. एसटीचं उदाहरण घे: प्रवासी म्हणजे ॲसिटिलकोलिन, सीट म्हणजे ते जिथे बसून काम करतं ते अवयवांवरचे रिसेप्टर. प्रवासी चढतायत, पण कुणालाच उतरवलं जात नाही. प्रत्येक सीट भरलेली, म्हणून लाळ थांबत नाही, श्वासनलिका पाझरते, नाडी मंदावते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. याला वाचवणारं इंजेक्शन म्हणजे ॲट्रोपिन. ते काय करतं? सीटवर रुमाल टाकतं. प्रवासी उभाच असतो, त्याला बसायला जागा मिळत नाही. पुस्तकात ज्याला कॉम्पिटिटिव्ह अँटॅगोनिस्ट म्हटलंय ते एवढंच. आणि म्हणूनच या विषबाधेत ॲट्रोपिनचा ठरलेला डोस नसतो. गर्दी जेवढी जास्त, रुमाल तेवढे जास्त. आपल्याकडची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. डॉक्टर साधारण ३ ते ५ ॲम्प्यूलनी सुरुवात करतात आणि दर पाच मिनिटांनी रुग्ण बघून डोस दुप्पट करत जातात.

त्या पाच मिनिटांनी बघायचं काय, ते तुझं काम. छातीतली घरघर गेली का, नाडी ८० च्या वर आली का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काखेत हात घातल्यावर कोरडं लागतं का. इंटर्न मुलं टॉर्च मारून बुबुळांकडेच बघत बसतात. तू छाती ऐक. छाती कोरडी होणं महत्त्वाचं. पुढे रुमाल जास्त झाले तर तेही दिसतं: अंग तापतं, रुग्ण बरळतो, हवेत काहीतरी पकडायला जातो, पोटाचा आवाज बंद होतो, लघवी अडते. तेव्हा ॲट्रोपिन थांबवून सांगायचं. आणखी एक गोष्ट. ॲट्रोपिन स्नायूंच्या सीटवर बसत नाही. त्यामुळे घाम आटला, छाती कोरडी झाली, नातेवाइकांनी चहा आणला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाचा श्वासच उथळ होत गेला, असं घडू शकतं. म्हणून दर ड्यूटीला त्याला सांग, ‘उशीवरनं मान उचला.’ मान उचलता आली नाही तर व्हेंटिलेटरची सोय बघायला तेव्हाच सांग, श्वास बंद पडायची वाट बघू नकोस.

(हे विष तोंडावाटेच जातं असं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले होते. म्हणून आधी हातमोजे घाल, मग त्याचे कपडे काढ, अंग साबणाने धू. तेही उपचारच आहेत.)

आता दुसरी खाट. लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. परिणामी ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. सुरुवातीला घाम, उलटी, लाळ; मग रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, बीपी चढतं, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथेच प्राझोसिन वापरून दाखवलं. ती बीपीची जुनी गोळी. अल्फा रिसेप्टरवर बसून ती आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते. १९८६ साली त्यांचा तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मधल्या काळात कोकणातली किती पोरं बरी होऊन घरी गेली ते कोकणाला माहीत आहे. तालुक्याच्या गावी, हाताशी असलेल्या एका स्वस्त गोळीचा धडा नीट समजून घेतल्याने हे झालं. फार्माकॉलॉजी कंटाळवाणी आहे असं पुन्हा लिहू नकोस.

गोळीचा डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. साधी गोळी हवी, हळूहळू विरघळणारी नको. स्टोअरमधून आलेली पट्टी वाचूनच घे. आणि तुझं काम गोळी दिल्यावर सुरू होतं. पहिल्या डोसनंतर, विशेषतः उठून उभं राहिल्यावर, बीपी धाडकन उतरू शकतं. त्यामुळे मुलगा आडवाच राहील, लघवीलाही उठणार नाही, आई त्याला कडेवर घेऊन बाहेर फिरवणार नाही. आईला हे दोनदा सांग. बीपी दर अर्ध्या तासाने. आणि प्रत्येक वेळी तळहात, तळपाय हातात घेऊन बघ. गार तळपाय ऊबदार होऊ लागले की औषध लागू पडतंय. याच्यासाठी मॉनिटर लागत नाही. या खाटेवर लाळ आणि घाम बघून कुणी घाईने ॲट्रोपिन मागवलं तर भरण्याआधी एकदा विचार, ‘सर, विंचू आहे, ॲट्रोपिनच ना?’ आधीच धावणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवतं. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

लेबर रूमचं पोस्टिंग कधी आहे? तिथे मॅग्नेशियम सल्फेट भेटेल. बीपी वाढून झटके आलेल्या किंवा येऊ घातलेल्या बाईला पहिला डोस १४ ग्रॅम: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर. मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकाआड एक बाजूला. आपली ॲम्प्यूल ५० टक्क्यांची, २ मिलीत १ ग्रॅम. म्हणजे ४ ग्रॅमसाठी ८ मिली, त्यात १२ मिली पाणी घालून २० मिली करायचं. शिरेत तसंच घट्ट देत नाहीत. अंगात एकदम गरम वाटेल हे बाईला आधीच सांग, नाहीतर ती घाबरते. हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे लघवी कमी झाली की रक्तात साठतं. साठल्यावर आधी गुडघ्याचा झटका जातो, नंतर श्वास. हा क्रम लक्षात ठेव, कारण तो आपल्याला वेळ देतो. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी आहे का. यातली एक जरी नसेल तर डोस नाही, फोन. आणि मॅग्नेशियमवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची ॲम्प्यूल, ट्रेमध्ये, कपाटात नाही. कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते ते तुला तिथे गेल्यावर कळेलच.

त्याच खोलीत ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन ही गर्भाशय आवळणारी दोन औषधं फ्रिजमध्ये शेजारी असतात. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नाही. काढण्याआधी नाव वाच, भरताना वाच, रिकामी ॲम्प्यूल टाकण्याआधी वाच.

गणिताचं म्हणशील तर कॅल्क्युलेटर वापर, पण आधी मनात अंदाज बांध. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर दोघांपैकी एक चुकलंय. ५०० मिली सलाईन ८ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा: मिनिटाला २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, १५ पण असतात, मायक्रोचे ६०. पाकीट फाडून टाकण्याआधी बघायचं. एका ॲम्प्यूलचं उत्तर दहा ॲम्प्यूल आलं तर ॲम्प्यूल फोडायला घेऊ नकोस, गणित परत कर. (ॲट्रोपिन त्याला अपवाद, त्यासाठीच वर एवढं लिहिलं.)

इन्सुलिनची व्हायल आपल्याकडे मिलीला ४० युनिटची मिळते, तशी १०० चीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलंस तर १० नाही, २५ युनिट जातात. आणि जेवणाची गाडी वॉर्डात आली की नाही ते बघूनच टोच. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरसारखी दिसते; ती सरळ शिरेत गेली तर हृदय थांबतं. ती पाण्याच्या ॲम्प्यूलबरोबर एका ट्रेमध्ये कधीच ठेवू नको. बाटलीत घातल्यावर बाटली स्टँडवरून काढून उलटीसुलटी कर. नाहीतर ते तळाशी बसतं आणि सुरुवातीलाच सगळं जातं.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल सोपं वाटतं, म्हणून सांगते. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. तेच १२५ च्या (म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या) सिरपचं ६ मिली, २५० च्या सिरपचं ३ मिली, आणि मिलीला १०० च्या ड्रॉप्सचं दीडच मिली. आईला ‘एक चमचा’ सांगू नकोस. तिच्या घरी चार मापांचे चमचे आहेत. झाकणावरच्या मापावर पेनने खूण करून दे.

नावाचं बघ. ‘तुम्ही सुमनबाई ना?’ असं विचारलंस की खेड्यातली म्हातारी ‘हो बाय’ म्हणते, तिचं नाव काहीही असो. डॉक्टरीणबाईंना नाही कसं म्हणायचं! ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असंच विचारायचं. त्यात आपल्याकडे बायकांना दोन नावं. केस पेपरवर सासरचं, आधारवर माहेरचं, आणि हाक मारतात तिसऱ्याच नावाने. एकाच आडनावाच्या चार जणी एका वॉर्डात असतात. तेव्हा नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आणि नोंदणी क्रमांक. खाटेच्या नंबरावर विसंबू नकोस. रात्री पंख्याखालची जागा मिळावी म्हणून रुग्ण आपापसांत खाटा बदलतात.

आणि घरच्या गोळ्यांची पिशवी मागव. ‘बीपीची चालू आहे’ एवढ्याने काही कळत नाही. त्या पिशवीत कधी हृदयाचं औषध डायजॉक्सिन निघतं. ते असेल तर छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज. ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून सांग. जोडीला लघवी होण्याची गोळी असेल तर पोटॅशियम उतरतं आणि डायजॉक्सिन आणखी बाधतं. भूक मेली, मळमळतंय, सगळं पिवळसर दिसतंय असं रुग्ण म्हणाला तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नकोस.

रायल्स ट्यूबमधून (नाकावाटे जठरात घातलेल्या नळीतून) द्यायचं म्हणून प्रत्येक गोळी खलात कुटू नकोस. पँटोप्राझोल कुटलंस तर जठरातलं आम्लच ते संपवून टाकतं. ‘एसआर’, ‘एक्सएल’ लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम जातो. पर्याय मागून घे.

चार्टवर सही औषध दिल्यावर, आधी नाही. संध्याकाळच्या सगळ्या सह्या चारलाच करून ठेवायची पद्धत तुला कुणीतरी शिकवेल, फार प्रेमाने शिकवेल. तिचं चहाचं आमंत्रण घे, पद्धत घेऊ नकोस. रुग्णाने गोळी नाकारली, उलटून टाकली, तर तसंच लिही.

आता काम. सध्या ज्या वॉर्डात आहेस तिथे सगळ्यात जास्त दिली जाणारी पाच औषधं निवड. पुस्तक मिटून प्रत्येकाखाली पत्राच्या सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरं लिही आणि पंधरवड्याने मला पाठव. उत्तरात ‘मळमळ, उलटी’ दिसलं तर कागद परत येईल. मेडिसिन वॉर्ड असेल तर फ्युरोसेमाइडपासून (लघवी होण्याच्या औषधापासून) सुरुवात कर, त्यात वजनाची नोंद कुठे येते ते शोधून काढ.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
सिस्टर