ट्रंकेतली हँडबिलं

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. एम.ए. झालीस, फार आनंद झाला. ‘कलासंस्थांचं काम बघायची नोकरी सोलापुरात मिळते का, की पुण्याला जाऊ?’ असं विचारलंयस. तशी जाहिरात क्वचितच निघते. पण नाट्यसंस्था आहेत, भजनी मंडळं आहेत, लेझमाचे संघ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे हिशेब, अर्ज, परवानग्या बघणारं माणूस नाही. तिथून सुरुवात कर. पहिली दोन वर्षं मानधन तुटपुंजंच मिळेल, म्हणून शिकवण्या सोडू नकोस.

एक प्रसंग सांगते. मोडनिंबच्या एक वयस्कर लावणी कलावंत माझ्याकडे आल्या होत्या. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करायचा होता. हे मानधन २०२४ पासून महिना ५,००० रुपये झालंय, वयाची अट पन्नाशीची. वय होतं, कलाही होती, पण सगळा जन्म फडावर घालवल्याचा पुरावा काय? हँडबिलावर पार्टीच्या मालकिणीचं नाव मोठ्या टायपात, नाचणाऱ्या बाकी बायकांचं नावच नाही. आठ दिवस आम्ही जुन्या पेट्या उपसल्या. शेवटी एका जत्रेचं पिवळं पडलेलं हँडबिल सापडलं, त्यात खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, तर कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून हात फिरवत बसल्या.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर हलगीवाल्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची पूर्ण नावं छापतो. फोटोमागे तारीख आणि गाव लिहितो. मानधन दिलं की पावतीवर सही किंवा अंगठा घेतो. तूही हे पहिल्या दिवसापासून कर. तुला हे कारकुनी काम वाटेल, पण म्हातारपणी त्या माणसाच्या हातात एवढंच उरतं.

संस्थेच्या कागदांचंही तसंच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. एकदा तो माझ्याकडून राहिला. बँकेत नव्या सह्या चालेनात आणि वादकांचे पैसे चार महिने अडकले. ती माणसं मला काही बोलली नाहीत, त्याचं फार लागलं. कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामाला ठेवलेल्या पैशासाठी, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर खात्याच्या नोंदण्या लागतात, त्याही वेळेत करून घे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती आणि पारंपरिक कला स्पष्ट लिहिल्यात. अर्जात तो आधार दे. नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी हातात असू दे.

आणि आपलं गाव ओळख. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. पूर्व भागात कार्यक्रम घ्यायचा तर निमंत्रण तेलुगूतही छाप, आणि विणकर घरांतल्या बायकांना आधी भेट. सर्वपित्री अमावास्येपासून त्यांची बतुकम्मा, म्हणजे फुलांभोवती फेर धरून गाणी म्हणायचा सण, सुरू होते. त्या नऊ दिवसांत तुझ्या नाटकाला कोण येणार? उलट त्याच फेरातली गाणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेव, अर्थात त्यांना विचारून. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांपुढे सगळं गाव लोटतं, तेव्हाही हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात प्रयोग लावू नकोस. यंत्रमागावरची पोरं तालमीला पाळी सुटल्यावरच येतील, मग तालीम रात्री नऊला ठेव आणि चहाची सोय कर.

पुण्याला जायचं की नाही, हे मी सांगणार नाही. दोन वर्षं तिथे शिकून आलीस तरी चालेल. पण जाण्याआधी एकदा माझ्याकडे येऊन जा. हँडबिलांच्या दोन ट्रंका अजून तशाच पडल्यात, माझे डोळे आता साथ देत नाहीत. गुरुवारी दुपारी ये, वही आणि मऊ पेन्सिल घेऊन. त्या कागदांवर पेनाने लिहायचं नाही.

तुझी,
बाई