वाचकांचे प्रश्न : फाशांची सामाईक बेरीज

प्रश्न : तरुणपणी आम्ही मित्र ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा कल्पनारम्य भूमिकांचा (प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र होऊन खेळायचा) खेळ रात्र-रात्र जागून खेळत असू. आज बहुतेकांना केवळ त्याच धर्तीचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ठाऊक असतो. आमचा खेळ खरोखरच चांगला होता, की आठवणींमुळे तसा वाटतो?

उत्तर : खेळ खरोखरच चांगला होता, आणि मीही तो जीव ओतून खेळलेलो असल्यामुळे हे ठामपणे सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम फार किचकट वाटल्याने अमेरिकेतील फिनिक्स येथील केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये तो रचला आणि सहा बाजूंच्या साध्या फाशांवरच सगळा भागवला.

त्याचे खरे वैभव लढाईत होते. १९७९ च्या पाचव्या आवृत्तीनुसार ४० आकड्याचा, म्हणजे तेवढ्या ताकदीचा, ट्रोल (राक्षस) समोर आला, की सूत्रधार (खेळ चालवणारा) त्याच्या वतीने पाच फासे टाकून त्यांत २० मिळवी, तर आपल्या बाजूचे सारे जण आपापल्या शस्त्रांचे फासे टाकून एकच बेरीज करीत. जो पक्ष कमी भरे त्याला फरकाइतकी इजा होई. त्यामुळे कोणालाही आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागत नसे आणि दुबळ्याचा एखादा सहासुद्धा सर्वांचा जीव वाचवी. चिलखतधारी, तुल्यबळ पक्षांची झुंज मात्र उगाच लांबत असे, हे मान्य करायला हवे.

नशिबाची कसोटी, म्हणजे संकटातून निभावण्यासाठी टाकायचे फासे, मला सर्वांत प्रिय आहे. नशीब १२ असलेल्या पात्राला पहिल्या, म्हणजे सर्वांत सोप्या, पातळीच्या कसोटीत दोन फाशांत आठ हवे असत, आणि दोन्ही फासे सारखे पडले, तर ती बेरीज जमेस धरून पुन्हा टाकायची मुभा असे. कड्यावर लोंबकळणाऱ्या आमच्या जादूगाराला आधी दोन एक्के पडले, मग दोन तिऱ्या. तेव्हा सगळे उभे राहून ओरडत होते. मंत्र टाकताना स्वतःची ताकदच खर्ची पडत असल्याने तो बिचारा तोवर पुरता गळून गेलेला होता.

सोबती पांगले असतील, तर एकट्याने खेळण्याची सोयही या खेळात जवळजवळ पहिल्यापासूनच आहे. रिक लूमिस यांचे ‘बफेलो कॅसल’ हे तशा प्रकारच्या साहसाचे पुस्तक १९७६ मध्येच निघाले होते. नवे खेळाडू जमवणार असाल, तर प्रत्येकाला दोन-तीन पात्रे अवश्य द्यावीत, कारण पहिल्या पातळीवरची पात्रे येथे भराभर मरतात.