स्वीडनमध्ये कोणते वृत्तपत्र वाचावे

नोकरीनिमित्त गॉथेनबर्गला येण्यापूर्वी आपण विचारले आहे की, इथले कोणते वृत्तपत्र कोणत्या पक्षाचे आहे आणि राजकारणात या वृत्तपत्रांना कितपत वजन आहे.

आज इथली मोठी वृत्तपत्रे पक्षांच्या मालकीची नाहीत, परंतु आपली राजकीय भूमिका ती उघडपणे जाहीर करतात. 1864 साली सुरू झालेले 'डागेन्स न्यूहेटेर' आणि सायंदैनिक 'एक्सप्रेसेन' स्वतःला स्वतंत्र उदारमतवादी म्हणवतात, 'स्वेन्स्का डागब्लाडेट' उजवीकडे झुकलेले आहे, तर 1830 पासूनचे 'आफ्टोनब्लाडेट' समाजवादी लोकशाहीवादी आहे. मात्र ही भूमिका अग्रलेखाच्या पानापुरती असते आणि बातम्यांचा विभाग त्यापासून वेगळा ठेवला जातो, हे नीट लक्षात घ्यावे. मालकावरून तर काहीच ओळखता येत नाही. 'आफ्टोनब्लाडेट' आणि 'स्वेन्स्का डागब्लाडेट' ही परस्परविरोधी मतांची पत्रे शिब्स्टेड या एकाच नॉर्वेजियन समूहाकडे आहेत, आणि तरीही 'आफ्टोनब्लाडेट'चा राजकीय संपादक नेमण्याचा हक्क कामगार संघटनांच्या महासंघाने आपल्याकडे राखला आहे.

वृत्तपत्रांच्या वजनाचे मूळ, माझ्या मते, कायद्यात आहे. 1766 साली स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला, जो जगातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो, आणि त्यामागे आन्डेर्स शुदेनियस या आजच्या फिनलंडमधील पाद्र्याचा मोठा वाटा होता. त्याच कायद्याने सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला. गोपनीय ठरवलेले कागद वगळता कोणतेही कागदपत्र मागता येते, आणि मागणाऱ्याने आपले नाव किंवा कारण सांगावे असा आग्रह कार्यालयाला सहसा धरता येत नाही. आपल्याकडच्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो; इथे मात्र परदेशी नागरिकही कागद मागू शकतो, म्हणजे आल्याबरोबर आपणही. शिवाय एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याने वृत्तपत्राला माहिती दिली, तर ती कोणी दिली याचा शोध घेण्यास त्याच्या कार्यालयाला मनाई आहे. हे संरक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते.

याचा परिणाम 1995 साली साऱ्या देशाने पाहिला. उपपंतप्रधान मोना सालीन यांनी सरकारी कार्ड खासगी खरेदीसाठी वापरल्याचे 'एक्सप्रेसेन'ने उघड केले, तेव्हा त्यांच्या सत्ताधारी पक्षाचे अध्यक्षपद आणि त्यामागोमाग पंतप्रधानपद त्यांच्याकडे जाणार असे जवळजवळ ठरलेले होते. त्यांना उमेदवारी मागे घ्यावी लागली आणि 1996 मध्ये योरान पेर्शॉन पंतप्रधान झाले. रोजच्या राजकारणात मात्र 'डागेन्स न्यूहेटेर'चे वादचर्चेचे पान अधिक प्रभावी ठरते. मंत्री, सरकारी संस्थांचे प्रमुख आणि संशोधक आपले प्रस्ताव तिथे मांडतात, आणि तो लेख पुष्कळदा त्याच दिवशी रेडिओ-दूरचित्रवाणीची बातमी होतो.

एकाच पत्राची मक्तेदारी होऊ नये म्हणून 1971 पासून सरकार दुबळ्या, म्हणजे बहुधा शहरातील दुसऱ्या क्रमांकाच्या पत्राला अनुदान देत आले; 2024 मध्ये ही पद्धत बदलली. तरीही माल्मोचे 1887 पासूनचे 'आर्बेटेट' 2000 साली बंद पडलेच.

भाषा येईपर्यंत सोप्या स्वीडिशमधील '8 सीडोर' वाचावे. त्यानंतर राष्ट्रीय पत्राआधी 'योतेबोर्ग्स-पोस्टेन' हे आपल्या शहराचे पत्र सुरू करावे, असा माझा आग्रह आहे. सलग तीन वर्षे इथे नोंदणीकृत रहिवासी राहिल्यावर, भारतीय नागरिक असतानाच, आपल्याला नगरपालिका आणि प्रादेशिक परिषदेच्या निवडणुकीत मतदान करता येईल. शाळा आणि वृद्धसेवा नगरपालिकेकडे, तर रुग्णालये प्रादेशिक परिषदेकडे असतात, आणि त्यांच्या कारभाराच्या तपशीलवार बातम्या राष्ट्रीय पत्रांत क्वचितच सापडतात.