वाचकांचे प्रश्न : ‘द एक्स-फाइल्स’मधले मॉन्स्टर

(या वेळी एकाच मालिकेवरचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरांत काही भागांचे शेवट उघड होतात. ज्यांना ते नको असतील त्यांनी पहिलं उत्तर वाचून थांबावं.)

प्रश्न : मालिकेचे एकूण २१८ भाग आहेत. परग्रहवासी आणि सरकारी कटाचं लांबण मला झेपत नाही. दर भागाला नवा मॉन्स्टर असतो तेवढेच भाग बघितले तर चालेल का? कुठून सुरुवात करू? – एक वाचक, नाशिक

खुशाल बघा. कटाच्या कथेतलं फार थोडं माहीत असलं तरी पुरतं. मल्डर आणि स्कली हे एफबीआय या अमेरिकन तपास यंत्रणेचे अधिकारी. मल्डरची बहीण लहानपणी गायब झाली, म्हणून तो कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो. स्कली डॉक्टर आहे, आणि तिला मुळात त्याच्या कामाची छाननी करायला पाठवलेलं आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी त्यांचा ‘एक्स-फाइल्स’ विभाग (न उलगडलेल्या प्रकरणांचा) बंद होतो आणि दुसऱ्या पर्वात पुन्हा उघडतो. बस्स.

सुरुवात ‘स्क्वीझ’पासून करा (पर्व १, भाग ३). पहिले दोन भाग परग्रहवाले आहेत. हा पहिला मॉन्स्टरचा भाग, आणि पुढे नऊ वर्षं चाललेला साचा इथेच पडला. मग ‘आइस’ (१, ८), ‘डार्कनेस फॉल्स’ (१, २०) आणि ‘द होस्ट’ (२, २) घ्या.

क्रम मोडला तर नुकसान होईल अशा जोड्या तीनच. ‘स्क्वीझ’नंतर ‘टूम्स’ (१, २१), ‘इर्रेझिस्टिबल’नंतर (२, १३) ‘ओरिसन’ (७, ७) आणि ‘पुशर’नंतर (३, १७) ‘कित्सुनेगारी’ (५, ८). या तिन्ही जोड्यांत तोच गुन्हेगार परत येतो. पहिला भाग न बघता दुसरा लावलात तर मल्डर-स्कली एवढे का हबकलेत हेच कळणार नाही.

‘बॅड ब्लड’ (५, १२) मात्र आधी लावू नका. सगळे त्याचीच शिफारस करतात, आणि भाग आहेही अफलातून. टेक्ससमधल्या एका गावातलं व्हँपायरचं तेच प्रकरण आधी स्कली सांगते, मग मल्डर. पण त्यातली गंमत कळायला दोघांच्या सवयी अंगवळणी पडलेल्या लागतात. किमान पंधरा-वीस भाग झाल्यावर बघा.

प्रश्न : टूम्स दर तीस वर्षांनी नेमकी पाचच यकृतं का खातो? दोन्ही भाग मिळून हा हिशेब जुळतो का? – एक वाचक, सांगली

पाचच का, याचं कारण मालिका देत नाही, आणि ते बरंच आहे. पण हिशेब चोख जुळतो. युजीन व्हिक्टर टूम्स हा ‘स्क्वीझ’मधला, अंग ताणून अरुंद फटीतून शिरणारा खुनी. तो १९०३, १९३३, १९६३ आणि १९९३ साली बाहेर येतो, पाच खून करतो आणि परत घरट्यात शिरून तीस वर्षं झोपतो. घरटं वर्तमानपत्रांच्या चिंध्या आणि पित्त यांचं. ठिकाण बाल्टिमोर, ६६ एक्सेटर स्ट्रीट. ‘स्क्वीझ’ सुरू होताना ऑफिसात मारला जातो तो या खेपेचा तिसरा बळी, पुढे चौथा होतो, आणि पाचवी स्कली ठरणार असते. ती वाचते आणि तो पकडला जातो. म्हणजे एक यकृत बाकी राहतं. ‘टूम्स’ या भागाची सगळी चाल त्या एका बाकीवर उभी आहे. मनोरुग्णालयातून सुटल्यावर त्याला फक्त एक खून करायचा आहे, मग तीस वर्षं तो कोणाच्या हाती लागणार नाही. तो कोणाला मारणार हे आपल्याला ठाऊक नसतं, पण किती जणांना मारणार हे पक्कं ठाऊक असतं. अखेर तो आपल्याच मानसोपचारतज्ज्ञाला मारून कोटा पूर्ण करतो आणि सरकत्या जिन्याखाली घरटं बांधतो.

ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँग या लेखकजोडीची ही खरी करामत. मॉन्स्टरला भूक दिली की त्या भुकेला हद्दही ठरवायची. ‘डार्कनेस फॉल्स’ या जोडीचा नाही, मालिकेचा जनक ख्रिस कार्टरने लिहिलेला आहे, पण नियम तोच. त्यातले किडे शेकडो वर्षांच्या झाडातून बाहेर पडतात, पण उजेडात येत नाहीत. त्यामुळे जनरेटरमध्ये इंधन किती उरलंय, हाच त्या भागातला सगळा थरार. मॉर्गन-वाँग यांच्या ‘आइस’मध्ये अलास्कातल्या संशोधन तळावर माणसांच्या शरीरात शिरणारी अळी आहे. एका अळीवर दुसरी सोडली की दोन्ही मरतात. इलाज सापडला म्हणावं, तर तो निरोगी माणसावर चुकून झाला की त्यालाच लागण. आता कोणाला लागण झालीय आणि कोणाला नाही, हे ठरवायचं कोणी? जिथे असा नियमच नाही, काहीही होऊ शकतं, ते भाग दुसऱ्यांदा बघवत नाहीत.

‘स्क्वीझ’ परत लावलात तर दोन जागा नीट बघा. वायुवीजनाच्या जाळीचे स्क्रू आपसूक फिरतात ती एक. दुसरी अगदी शेवटची. कोठडीच्या दारातली जेवणाचं ताट सरकवायची अरुंद फट उघडते, टूम्स तिच्याकडे बघतो आणि किंचित हसतो. ज्या अंगाने तो चिमणीतून उतरलाय, त्याला ही फट पुरेल हे आपल्याला न सांगता कळतं. डग हचिसन या नटाला संवाद जेमतेम आहेत. काम सगळं नजरेचं.

प्रश्न : ‘द होस्ट’मधला फ्लूकमॅन शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे का? आमच्या अभ्यासक्रमात मेंढ्यांचा लिव्हर फ्लूक आहे, म्हणून विचारते. – पशुवैद्यकाची विद्यार्थिनी, परभणी

शक्य नाही. (फ्लूक म्हणजे चपटा परजीवी कृमी; लिव्हर फ्लूक यकृतात राहतो.) पण कुठे कुठे चुकलंय ते पाहण्यासारखं आहे.

आधी कथा थोडक्यात. न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ एका रशियन मालवाहू जहाजावर तुंबलेलं शौचकूप मोकळं करायला गेलेला खलाशी आत ओढला जातो. त्याचा मृतदेह न्यूअर्कच्या गटारात मिळतो आणि शवविच्छेदनात त्याच्या यकृतातून एक कृमी बाहेर येतो. जहाजावर चेर्नोबिलचा किरणोत्सर्गी भंगार माल होता. त्या सांडपाण्यात माणूस आणि कृमी यांचं काहीतरी मिश्रण जन्मलं, असा खुलासा.

पहिली अडचण श्वासाची. चपट्या कृमींना फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, रक्ताभिसरणही नाही. जे कृमी ऑक्सिजन घेतात, ते तो अंगाच्या पृष्ठभागातून आत झिरपू देतात, आणि असं झिरपणं फार खोलवर पोचत नाही. म्हणूनच ते चपटे. त्यांना माणसाएवढं जाड केलं तर आतल्या पेशी गुदमरून मरतील. मेंढीतला फॅसिओला हेपॅटिका दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि गुराढोरांतला फॅसिओला जायगँटिका सात-साडेसात सेंटिमीटरपर्यंत जातो.

दुसरी अडचण तोंडाची. चावलेल्या कामगाराच्या पाठीवर हुकासारख्या चार आकड्यांची जखम दिसते. आकडे असलेलं डोकं काही पट्टकृमींचं असतं. फ्लूकला दोन चूषक असतात, एक तोंडापाशी आणि एक पोटाकडे. पटकथेने दोन वेगळे कृमी एकत्र शिवले आहेत.

तिसरी, शेवटाची. मल्डर गटाराचं झडपदार दार खाली पाडून फ्लूकमॅनचे दोन तुकडे करतो, आणि शेवटच्या चित्रात त्या अर्ध्या धडाचे डोळे उघडतात. तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढणं हे प्लॅनेरियाचं, म्हणजे परजीवी नसलेल्या चपट्या कृमीचं काम. परजीवी फ्लूकला ते जमत नाही.

आणि चौथी अडचण तुम्ही परीक्षेत नक्की लिहाल. गोगलगायीशिवाय फ्लूकचं जीवनचक्र पुढे सरकतच नाही. फ्लूकमॅन माणसाला चावून थेट आपली अळी सोडतो. असं असतं तर तळ्याकाठच्या गवतात मेंढ्या चारू नका, हा सल्ला देण्याची वेळच आली नसती.

एवढं असूनही भाग गाजला, कारण तो अंग आखडून बसायला लावतो. रबरी पोशाख टोबी लिंडाला यांच्या कारागिरांचा. आत होता डॅरिन मॉर्गन, लेखक ग्लेन मॉर्गनचा भाऊ. पोशाख चढवायला सहा तासांच्या आसपास लागत आणि एकदा चढला की शौचालयाला जाण्याची सोय नाही. (गटारातल्या प्राण्याची ही अवस्था!) याच डॅरिनने पुढे या मालिकेसाठी लिहायला घेतलं आणि ‘क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोझ’ (३, ४) या भागाच्या लेखनासाठी १९९६ साली अमेरिकन टीव्हीचं एमी पारितोषिक मिळवलं. झुरळांचा ‘वॉर ऑफ द कोप्रोफेजेस’ही (३, १२) त्याचाच. त्यात एक झुरळ पडद्यावरून असं चालत जातं की ते आपल्याच टीव्हीच्या काचेवर आहे असं वाटावं. त्यातली बॅम्बी बेरेनबॉम ही कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबॉम या खऱ्या कीटकशास्त्रज्ञांवरून बेतलेल्या नावाची आहे.

प्रश्न : नवीन मोठ्या टीव्हीवर जुने भाग फारच काळे दिसतात. ब्राइटनेस वाढवला तर मॉन्स्टर नाटकातल्यासारखे दिसू लागतात. काय करावं? – एक वाचक, पुणे

ब्राइटनेस पूर्ववत करा. बऱ्याच संचांवर त्याने काळा रंगच राखाडी होतो, आणि रबराच्या शिवणी लपवायला ठेवलेला अंधार निघून जातो. वाढवायचा तर बॅकलाइट वाढवा. चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग) बंद करा. ती चालू असली की फिल्मवर चित्रित केलेलं सगळं सासू-सुनेच्या मालिकेसारखं दिसतं. मुख्य म्हणजे खोलीतला दिवा मालवा.

पहिल्या चार पर्वांची मूळ चौकट ४:३ आहे. २०१५ च्या एचडी आवृत्तीत चित्र रुंद केलं आहे, पण जुनी डीव्हीडी असेल तर ती ताणून पडदाभर करू नका.

हा अंधार ठरवून केलेला होता. पहिली पाच पर्वं कॅनडातल्या व्हँकुव्हरला चित्रित झाली. तिथे पाऊस आणि ढगाळ उजेड आयता मिळे. त्यावर छायालेखक जॉन बार्टली यांनी टॉर्चच्या झोतांनी प्रसंग उभे केले. ‘ग्रोटेस्क’ (३, १४) या भागासाठी त्यांना एमी मिळालं. जिथे अंधाराने साथ दिली नाही तिथे फजिती झालीच. ‘तेसो दोस बिचोस’मध्ये (३, १८) मारेकरी मांजरं आहेत. मांजरं सांगितल्याप्रमाणे झुंडीने हल्ला करीनात, आणि स्कलीचं काम करणाऱ्या जिलियन अँडरसनला मांजरांची ॲलर्जी. शेवटी सशाच्या कातड्याचं बनावट मांजर तिच्या अंगावर धरावं लागलं. ते तसंच दिसतं.

प्रश्न : मुंबईच्या विमानतळावर सुरू होणारा एक भाग लहानपणी केबलवर पाहिल्याचं आठवतं. खरंच आहे का? – एक वाचक, डोंबिवली

खरंच आहे. ‘बदला’, पर्व ८, भाग १०, प्रसारण २१ जानेवारी २००१. सहार विमानतळावर एक लठ्ठ अमेरिकन व्यावसायिक चाकांच्या फळीवर बसलेल्या, पाय नसलेल्या भिकाऱ्याला झिडकारतो. भिकारी त्याच्या शरीरात शिरून अमेरिकेला पोचतो. (विमानतळाला १९९९ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव होतं, पण टॅक्सीवाल्यांप्रमाणे पटकथाकारांच्याही तोंडी सहारच राहिलं.) भिकाऱ्याची भूमिका दीप रॉय या भारतीय वंशाच्या अभिनेत्याची. मुंबईजवळ अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातल्या विषारी वायुगळतीत त्या भिकाऱ्याचा मुलगा गेला, असं कारण पुढे येतं. भोपाळची छाया उघड आहे.

सिद्धी, फकीर, नजरबंदी हा मसाला स्वस्तातला आहे, आणि एवढ्या मोठ्या दुःखाला शेवटी ओंगळ धक्क्यापुरतंच वापरलंय. पण चाकांचा करकराट मात्र जमलाय. माणूस दिसायच्या आधी फळी ऐकू येते. शिवाय मल्डर इथे नाही. समोर दिसणाऱ्या लहान मुलावर स्कलीला स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध जाऊन गोळी झाडावी लागते, आणि नंतर ती कोलमडते. तो प्रसंग या भागाच्या लायकीपेक्षा चांगला आहे.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. सोबत कोणते भाग दाखवू? – एक पालक, मडगाव

‘क्वाग्मायर’ (३, २२) दाखवा. तळ्यातल्या राक्षसाची कथा आहे, गमतीशीर आहे, आणि मल्डर-स्कली खडकावर अडकून गप्पा मारतात तो प्रसंग सुरेख आहे. मात्र एका कुत्र्याचा बळी जातो, हे आधी सांगून ठेवा. वर सांगितलेला झुरळांचा भागही चालेल, घरात कोणाला झुरळांची भीती नसेल तर.

‘होम’ (४, २) अजिबात नको. ११ ऑक्टोबर १९९६ ला तो प्रेक्षकांना सावधानतेची सूचना देऊन दाखवला गेला, आणि फॉक्स वाहिनीने त्यानंतर काही वर्षं त्याचं पुनःप्रसारण केलं नाही. कुटुंबातल्याच संबंधांतून पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पीकॉक भावांची ती कथा आहे आणि सुरुवातच नवजात अर्भक पुरण्याने होते. त्यात अलौकिक काहीही नाही, म्हणून तो जास्त अंगावर येतो. ‘इर्रेझिस्टिबल’ही त्याच कारणाने बाजूला ठेवा.