पेटीवर ऐकून गाणे बसवताना

आपण पेटी, म्हणजे हार्मोनियम, नुकतीच हाती घेतली आहे, म्हणून सुचवतो की गाणे कानावर पडताच बोटे पट्ट्यांवर धावू देऊ नयेत. आधी मुखडा गुणगुणावा आणि ज्या सुरावर चाल विसावल्यासारखी वाटते तो शोधावा. बहुधा तोच षड्ज, म्हणजे सा, असतो. गाण्याचा पहिला सूर म्हणजेच सा, असे धरून मी गिरगावच्या चाळीत महिनाभर एक अभंग भलत्याच सरगमीत घोकला होता, आणि शेजारी बिचारे सौजन्याने गप्प राहिले.

सुरुवात भूप रागातल्या चालींनी करावी, कारण त्यात मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असतात, म्हणजे लागतच नाहीत. षड्ज काळी ३ वर, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीवर धरला, तर सा, रे, ग, प, ध हे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे चुकायला जागा कमी उरते. गायकाची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, पेटीवर निघत नाही, तेव्हा तिच्यामागे न लागता ती जिथे थांबते तो सूर पकडावा. लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळाली, तरी एखादी ओळ मनातल्या मनात सरगमीत म्हणता येते. घरी आल्यावर तेवढीच ओळ वाजवून पडताळावी.