आर ०.९६ आलाय, मग मशीन बरोबरच ना?

प्रश्न: मी एमडी करतेय. थीसिसमध्ये डिजिटल बीपी मशीनची पाऱ्याच्या मशीनशी तुलना केली. ४० पेशंट, प्रत्येकाची तीन-तीन रीडिंग, म्हणजे १२० जोड्या. सिस्टॉलिकचा (वरच्या बीपीचा) पिअरसन आर, म्हणजे दोन्ही रीडिंगमधला संबंध मोजणारा आकडा, ०.९६ आणि पी ०.००१ पेक्षा कमी. मी लिहिलं की दोन्ही मशीन जुळतात, तर गाईड म्हणाले हे चालणार नाही. एवढा भारी आर येऊनही?

उत्तर: गाईडचं ऐका. आर एवढंच सांगतो की एक आकडा वाढला की दुसराही सरळ रेषेत वाढतो, दोन्ही सारखे आहेत असं तो कुठेच म्हणत नाही. समजा डिजिटल मशीन दरवेळी बरोब्बर २० जास्त दाखवतंय, १२० ला १४०, १५० ला १७०, तरी आर येणार पूर्ण १, आणि धडधाकट माणसाला बीपीच्या गोळ्या सुरू होणार. पी व्हॅल्यूचं तर सोडाच, ती 'संबंध शून्य' या गृहीतकाविरुद्ध असते, आता एकाच माणसाचं बीपी मोजणाऱ्या दोन मशीनमध्ये काहीच संबंध नसेल असं वाटलं तरी कोणाला होतं?

शिवाय पेशंट कुठून कुठपर्यंतचे होते तेही बघा. ९० पासून २०० पर्यंतचे सगळे एकत्र घेतले की आर आपोआप फुगतो. त्यातले फक्त १२० ते १४० वाले वेगळे काढा, मशीन तेच, चूकही तेवढीच, पण आर धाडकन खाली येईल.

यावर ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात साधा उपाय मांडला. प्रत्येक जोडीतला फरक काढायचा आणि ग्राफवर उभा फरक, आडवी दोघांची सरासरी. सगळ्या फरकांची सरासरी म्हणजे बायस, तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले फरकांचं एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे फरक किती विखुरलेत त्याचं माप) घेतलं की साधारण ९५ टक्के फरक त्यात बसतात, या दोन टोकांनाच लिमिट्स म्हणतात. समजा वजा १२ ते अधिक १८ आलं, तर एवढं चालेल का हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते डॉक्टरने ठरवायचं, आणि खरंतर डेटा गोळा करायच्या आधीच.

आणि हो, त्या १२० जोड्या स्वतंत्र नाहीत, माणसं ४०च आहेत. सरासरी घेऊन ४० बिंदू केले तर लिमिट्स उगाच अरुंद दिसतील, म्हणून रिपीटेड मेजर्सवाली, म्हणजे एकाच माणसाची अनेक रीडिंग धरून चालणारी पद्धत स्टॅटिस्टिशियनकडून करून घ्या. आर टेबलात ठेवायचाच असेल तर ठेवा, निष्कर्षात नको.