दोष तुमच्या इंग्रजीचा नाही, पुस्तकाचाच आहे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या टॉमी आणि टपेन्स या तपास करणाऱ्या नवरा-बायकोची पाचही पुस्तकं तुम्ही ओळीनं वाचलीत. पहिली चार आवडली, आणि पाचव्यानं, म्हणजे 'पोस्टर्न ऑफ फेट'नं, पार हिरमोड केला. तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून शिकल्यामुळं आपल्याच डोक्यात काही शिरलं नसेल असं वाटतंय. त्यात पुढच्या महिन्यात हिंगोलीच्या तुमच्या वाचनगटात याच पुस्तकावर बोलायची पाळी तुमची आहे.

आधी ते इंग्रजीचं मनातून काढून टाका. मीही परभणीत मराठी शाळेतच शिकले. हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा शब्दकोश मांडीवर होता आणि दर चार पानांनी मी मागं जाऊन बघत होते, की हे आधी सांगितलं होतं का? कुणी सांगितलं होतं? रहस्यकथा वाचताना वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडायची मला जुनी सवय आहे. डावीकडं 'कोण म्हणालं', उजवीकडं 'काय म्हणालं'. ख्रिस्तीच्या एरवीच्या पुस्तकाला एक पान पुरतं, आणि शेवटच्या प्रकरणात त्या पानावरच्या बहुतेक नोंदींचा हिशेब लागतो. या पुस्तकाला चार पानं लागली आणि निम्म्या नोंदी तशाच लोंबकळत राहिल्या. कित्येक वर्षं मी तेच समजत होते जे तुम्ही आज समजताय, की आपल्यालाच कळलं नाही. नंतर दुसऱ्यांदा, सावकाश वाचलं. शब्द सगळे कळले. धागे तरीही जुळले नाहीत, कारण ते पुस्तकातच जुळलेले नाहीत.

सुरुवात किती छान आहे ते आठवा. सत्तरी ओलांडलेलं जोडपं नव्या गावात जुनं घर घेतं. आधीच्या मालकांची मुलांची पुस्तकं घरातच राहिलेली असतात. ती लावताना स्टीव्हन्सनच्या 'द ब्लॅक अ‍ॅरो'मध्ये टपेन्सला काही अक्षरांखाली खुणा दिसतात. ती अक्षरं ओळीनं लावली की एका जुन्या खुनाची बातमी निघते, आणि ती लिहून ठेवणारा पोरगा गावातल्या कबरस्तानात कधीचा पुरलेला. इतकी चांगली कळ रहस्यकथेला क्वचित मिळते! पण पुढं काय होतं? टपेन्स एकाला भेटते, ते टॉमीला सांगते. टॉमी दुसऱ्याला भेटतो, तेच परत सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट मध्येच पुढं सरकते, कोण कुणाच्या पिढीतलं याचा घोळ होतो. आजच्या काळातला खून पडतो तोवर बरंच पुस्तक संपलेलं असतं. आणि जिच्यावर शेवटी बोट जातं ती व्यक्ती इतकी उशिरा येते की तिच्यावर संशय घ्यायला वाचकाला वाव मिळत नाही. माझा खरा राग या शेवटच्या गोष्टीवर आहे.

कारण ज्याला इंग्रजीत कोझी मिस्ट्री म्हणतात तिचा सगळा डोलारा विश्वासावर असतो. लहानसं गाव, ओळखीची माणसं, रक्त फारसं दिसत नाही, आणि तपास करणारी व्यक्ती पोलिसातली नाही, नुसती डोळे उघडे ठेवून बघणारी. आपल्याला ही माणसं परकी वाटत नाहीत ती त्यामुळंच. आमच्या गल्लीत दुपारी ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या बायकांना कुणाकडं पाहुणे आले, कुणाची सून या खेपेला दोन दिवस जास्त माहेरी राहिली, दूधवाला कुणाच्या दारात आज थांबला नाही, हे सगळं ठाऊक असायचं. ख्रिस्तीच्याच सेंट मेरी मीड या गावातल्या, खुनांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलचं डोकं याच पद्धतीनं चालतं. अशा गोष्टीत लेखिका वाचकाला न बोलता एक शब्द देते: तुला जे दाखवते त्यातच उत्तर आहे. पाठलाग आणि गोळीबाराच्या कादंबरीत धागा निसटला तरी पानं उलटत राहतात. इथं धागा निसटला की चहा, बाग आणि शेजारीपाजारी एवढंच हातात राहतं.

आता असं का झालं असावं ते सांगते. हे पुस्तक १९७३ साली आलं तेव्हा ख्रिस्ती ८३ वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी लिहिलेली ही शेवटची कादंबरी. टोरांटो विद्यापीठातल्या इयान लँकशायर आणि ग्रॅम हर्स्ट या दोघांनी २००९ साली त्यांच्या वेगवेगळ्या वयातल्या कादंबऱ्यांमधले शब्द संगणकावर मोजले. उतारवयातल्या पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या घटलेली दिसली. १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये तर ही घट तीस टक्क्यांच्या आसपास आहे. तेच ते वाक्प्रयोग परत येतात, आणि 'काहीतरी', 'ती वस्तू' अशा मोघम शब्दांचं प्रमाण वाढतं. स्मृतिभ्रंशाची शक्यता त्या दोघांनी मांडली. हयातीत तसं निदान झालेलं नव्हतं, म्हणून मी ती शक्यताच म्हणेन. पण वाचताना तुम्हाला जे जाणवलं, की सगळे जण नुसतं 'ते, त्या वेळचं, तसलं काहीतरी' असं बोलतात, ते मोजून दाखवता येतं. तुमचा कान बरोबर होता.

यावर कुणी म्हणेल, म्हातारपणी असं व्हायचंच. मला ते पटत नाही. 'एंडलेस नाइट' १९६७ मध्ये आलं, वय ७७, आणि ते त्यांच्या उत्तम पुस्तकांत बसतं. वय एकटं दोषी नाही. हस्तलिखित हातात आल्यावर कुणीतरी त्यांच्यासोबत बसून तारखा जुळवायला हव्या होत्या, तीनदा आलेला संवाद एकदाच ठेवायला हवा होता. एवढ्या मोठ्या लेखिकेला ते कोण सांगणार, असं झालं असेल. नाव मोठं होत गेलं की मजकुरावरचा दुसऱ्याचा हात सुटत जातो. आपल्याकडंही मोठ्या लेखकांची उत्तरकाळातली पुस्तकं बघा. वाचकाचा पैसा आणि वेळ एका बाजूला, पण त्या लेखिकेचीही यात कुणी काळजी घेतली नाही असं मला फार वाटतं.

आणि तरीही हे पुस्तक मी रद्दीत टाकलेलं नाही. त्याचं कारण माझी आत्या.

आत्या अंबाजोगाईची. रझाकारांच्या दिवसांत ती आठ-नऊ वर्षांची होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, त्याआधी घर सोडताना तिच्या आजीनं तांब्याचा हंडा परसात पुरायला लावला होता. ही गोष्ट आत्यानं आम्हाला किती वेळा सांगितली असेल! दर वेळी हंडा पुरणारा माणूस बदलायचा. कधी काका, कधी गडी, कधी तो जन्मलाही नव्हता असा एखादा भाऊ. महिनाही बदलायचा. पण हंड्याच्या कडेला पडलेला पोचा, गळ्याला बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं, वर टाकलेल्या मातीवर मुद्दाम लावलेला पुदिना, यात कधी तसूभर फरक पडला नाही. बोटानं ती तो पोचा हवेत काढून दाखवायची.

'पोस्टर्न ऑफ फेट'मध्ये बागेतल्या पडक्या काचघरात मॅथिल्ड नावाचा झुलता घोडा आहे, पोटाला भोक पडलेला. शेजारी ट्रूलव्ह नावाची खेळण्यातली घोडागाडी. टपेन्स त्या घोड्याच्या पोटात हात घालून चाचपते, आणि एवढ्या वयात ट्रूलव्हवर बसून उतारावरून खाली येते. हे वाचताना मी दचकले होते, कारण बाकी पुस्तक धूसर आणि एवढाच भाग लख्ख. नंतर ख्रिस्तींचं आत्मचरित्र वाचलं, ते १९७७ साली, त्या गेल्यावर छापलं गेलं. टॉर्कीमधल्या त्यांच्या लहानपणीच्या अ‍ॅशफील्ड या घराच्या काचघरात मॅथिल्ड आणि ट्रूलव्ह खरोखरच होते, याच नावांचे. ते घर हे पुस्तक लिहिण्याच्या कितीतरी आधी पाडलं गेलं होतं. माणसं आणि साल यांचा घोळ झालेल्या लेखिकेला लहानपणीचा घोडा आणि ती गाडी मात्र नेमकी आठवत होती. हॅनिबल हा कुत्राही तसाच जिवंत उतरलाय. पुस्तक त्याला आणि त्याच्या मालकालाच अर्पण केलेलं आहे. रहस्यकथा म्हणून पुस्तक फसलं, यात माझ्या मते वाद नाही. पण ही दहा-पंधरा पानं मी पुन्हा पुन्हा काढून वाचते.

तुमचा दुसरा प्रश्न, त्यांची उतारवयातली बाकी पुस्तकं वाचावी का. वाचा, पण छापल्याच्या सालावर जाऊ नका. 'कर्टन' १९७५ ला आणि 'स्लीपिंग मर्डर' १९७६ ला आलं, म्हणून ती शेवटची असं वाटतं. ती दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून जपून ठेवलेली होती. हात तेव्हा पूर्ण भरात होता, आणि ते पहिल्या प्रकरणातच कळतं. आता लगेच 'एलिफंट्स' घेऊ नका, तोच घोळ परत समोर येईल आणि मन उडेल. १९७१ चं 'नेमेसिस' संथ आहे, पण मिस मार्पलवर जीव असेल तर चालेल.

गटात बोलताना मी तुमच्या जागी असते तर या पाच पुस्तकांच्या सालांपासून सुरुवात केली असती: १९२२, १९२९, १९४१, १९६८, १९७३. ख्रिस्तींचा दुसरा गुप्तहेर पॉयरो वर्षानुवर्षं म्हातारा तो म्हाताराच राहिला. हे दोघं मात्र वाचकांबरोबर वाढले. पहिल्या पुस्तकात दोघांच्या वयांची बेरीज पंचेचाळीससुद्धा भरत नव्हती, शेवटच्यात नातवंडं आहेत. १९४१ नंतर सत्तावीस वर्षं काहीच आलं नाही, आणि टॉमी-टपेन्सचं पुढं काय झालं असं पत्रांतून विचारणाऱ्या वाचकांनाच चौथं पुस्तक अर्पण केलेलं आहे. म्हणजे वाचकांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं होतं. पाचवं पुस्तक फसल्याचं दुःख इतकं होतं ते त्यामुळंच. दर आठवड्याला नवं पुस्तक येणाऱ्या मालिकेत एखादं हलकं निघालं तर आपण मनावर घेत नाही.

गुन्हेगाराचं नाव काढू नका, सगळ्यांनी वाचलेलं नसेल. तुमची वही असेल तर ते पान सरळ सगळ्यांत फिरवा आणि कुठली नोंद कुठं सुटली ते बोटानं दाखवा. कुणी 'तुम्हाला इंग्रजी समजलं नसेल' म्हणालं तर त्यांनाच ते धागे जुळवायला सांगा. आणि शेवटी काचघराचं ते प्रकरण काढा, तिथंच मराठी करत मोठ्यानं वाचा. गटात एखादी आजी असेल तर तिला जवळ बसवा.